म्हातारी आणि सोकावलेला काळ

(बेंगळुरूतील एका वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ दर वर्षी हे व्याख्यान होतं, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसले आहे. बाई म्हणी शिकवायच्या तेव्हा अर्थ लिहून देत नसत. म्हणीतल्या माणसाची चौकशी करत. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो’ ही म्हण त्यांनी फळ्यावर लिहिली आणि विचारलं, ‘दुःख का नाही गं? कुणाची आई नव्हती का ती?’ वर्ग गप्प. आम्हा सगळ्यांना काळाची काळजी वाटत होती, म्हातारीचा विचार कुणीच केला नव्हता. शेकडो वर्षं मराठी माणूस ही म्हण वापरतो आहे आणि तिच्यातली म्हातारी दर वेळी मुकाट मरते आहे. तिचा उपयोग एवढाच, की तिच्या मरणावरून बाकीच्यांनी सावध व्हावं.

आज मी ज्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे, त्यात ही म्हातारी मरायला नकार देते. काळ तिच्या दारातून तिच्या नातीला गाठून गेला आहे, पुन्हा येणार आहे आणि आता पुरता सोकावला आहे. म्हणून ती उठते. उठताना गुडघ्यावर हात टेकते.

चित्रपटाचं नाव ‘अज्जी’. दिग्दर्शक देवाशीष मखीजा. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो दक्षिण कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, गाव मुंबई, वस्ती झोपडपट्टीची, घर मराठी. आणि नाव मात्र या शहरात भाषांतराशिवाय चालावं असं. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीकडे ‘आज्जी’ म्हणतात, पुण्यात ‘आजी’ आणि इथे बेंगळुरूत गल्लीतलं कुठलंही शेंबडं पोर ‘अज्जी’ अशीच हाक मारतं. कन्नडमध्ये ‘अडगूलज्जी कथे’ असा एक शब्दप्रयोग आहे, म्हणजे आजीच्या भाकडकथा. तो शब्द ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. दहा वर्षांची मंदा रात्री कचऱ्याच्या ढिगाऱ्यात सापडते; तिच्यावर बलात्कार झालेला आहे, करणारा धावले नावाचा स्थानिक पुढाऱ्याचा मुलगा आहे, आणि पोलीस घरी येतो तो तक्रार लिहून घ्यायला नव्हे, ती होऊ नये म्हणून. आईबाप गप्प बसायचं ठरवतात आणि आजी मनाशी वेगळंच ठरवते. एवढंच. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे ठरवणं आणि करणं यांच्यामधलं अंतर.

त्या वर्षीचा हिंदी पडदा आठवून पाहा. एप्रिलमध्ये रवीना टंडनचा ‘मातृ’ आला, जुलैमध्ये श्रीदेवीचा ‘मॉम’, सप्टेंबरमध्ये संजय दत्तचा ‘भूमी’. तिन्हींत मुलीवर अत्याचार, तिन्हींत पालकाचा सूड. एका वर्षात इतक्या जणांना एकच गोष्ट सांगावीशी वाटली, याचा अर्थ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर, २०१३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतरही प्रेक्षकाचा न्यायालयावरचा विश्वास फारसा परतला नव्हता. ‘मॉम’मधली आई जीवशास्त्र शिकवते; सफरचंदाच्या बियांतलं विष तिला ठाऊक आहे, तिच्याजवळ मोटार आहे, खासगी गुप्तहेर आहे. श्रीदेवीला त्या भूमिकेसाठी मरणोत्तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण त्या आईला सूड परवडतो. अज्जीला परवडत नाही. ती लोकांचे कपडे शिवते. तिच्याकडे शिवणयंत्र आहे, धरलेले गुडघे आहेत आणि रात्री झोप न येणं आहे.

मग ती काय करते? ती शिकायला जाते.

या चित्रपटाला लोकांनी ‘संथ’ म्हटलं. काहींनी कौतुकानं, काहींनी जांभई देत. ‘मंद आचेवरचा थरारपट’ असा एक प्रकार हल्ली मानतात आणि त्यात त्याला बसवतात. मला वाटतं, ही आच दिग्दर्शकाच्या हातात नाहीच. चित्रपटाचा वेग म्हणजे एका म्हाताऱ्या बाईला नवी विद्या शिकायला जितका वेळ लागतो तितका वेळ. ती ओळखीच्या खाटकाकडे जाते, सुधीर पांडे यांनी केलेला हा खाटीक विसरता येत नाही, आणि मांस कापायला शिकव म्हणते. सत्तूर धरायचा कसा, सांध्यात घालायचा कसा, जोर मनगटाचा की खांद्याचा. तरुण नायक असता तर ही शिकवणी एका गाण्यात, तीस सेकंदांत उरकली असती. धावणं, घाम, बुक्क्या, आणि झाला तयार. म्हाताऱ्या हाताला तशी सवलत नाही. तो चुकतो, थकतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ज्यांनी साठीनंतर मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकून घेतलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. शिकण्यात लाज असते, आणि ती लाज गिळायला वेळ लागतो.

आता हे शिकणारी बाई कोण? सुषमा देशपांडे. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण चित्रपटाबद्दल लिहिणाऱ्या इंग्रजी समीक्षकांनी त्यांना ‘रंगभूमीवरची अभिनेत्री’ म्हणून एका ओळीत निकालात काढलं, आणि त्या एका ओळीत बराच ऐवज गेला. १९८९ पासून ही बाई ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग करत आली. स्वतः लिहिलेला, स्वतः उभा केलेला. नाट्यगृहात केला, आणि शाळेच्या पटांगणात, देवळाच्या ओट्यावर, बायका दळण टाकून येतील तिथेही केला. कपाळावर आडवी चिरी, पदर, समोर माणसं, बस्स. त्याखेरीज तमाशातल्या बायकांवर ‘तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड’, संत स्त्रियांवर ‘बया दार उघड’. म्हणजे या नटीची सगळी हयात बाईला बोलतं करण्यात गेली. आणि ‘अज्जी’मध्ये तिला जवळपास मुकी भूमिका मिळते. देशातल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एकीला ज्या शरीरानं रंगमंचावर आणलं, तेच शरीर इथे खाटकाच्या ठोकळ्यासमोर विद्यार्थिनी म्हणून उभं राहतं. दिग्दर्शकानं हे योजलं होतं की नाही, मला फरक पडत नाही. मराठी प्रेक्षकाला ते दिसतं. ती सत्तूर उचलते तेव्हा मला पाटीवर पहिलं अक्षर काढणारा हात आठवतो, आणि मग अंगावर काटा येतो, कारण अक्षर कोणतं आहे ते मला ठाऊक असतं.

बोलकी बाई मुकी झाली की ती बघू लागते. या चित्रपटाचा निम्मा भाग बघण्यात जातो. अज्जी रात्री धावलेच्या मागावर असते. भिंतीआड, अंधारात, कचऱ्याजवळ. आणि तिला कुणी हटकत नाही. हटकायला आधी ती दिसली पाहिजे. साठी उलटलेल्या बायकांना मी हे समजावून सांगायची गरज नाही. रिक्षावाला आपल्याला ओलांडून पलीकडच्या तरुणीजवळ थांबतो. बँकेतला मुलगा आपल्याशी न बोलता सोबत आलेल्या जावयाशी बोलतो. तरुणपणी नको तितके डोळे अंगावर असतात. मग एक दिवस लक्षात येतं की सगळे डोळे उठून गेले. आपल्याला त्याचं वाईट वाटतं. अज्जी त्याचं हत्यार करते. सूडपटाच्या नायकाला लपायला वेशांतर लागतं. हिला म्हातारपण पुरतं. शेवटच्या प्रसंगात ती वेश्येचा साज करून, तोंडाला रंग फासून धावलेसमोर जाते, तेव्हा पहिल्यांदा तो तिच्याकडे पाहतो. म्हणजे दिसण्यासाठी तिला वेशांतर करावं लागलं.

मखीजांनी ही गोष्ट लाल टोपीवाल्या मुलीच्या युरोपीय कथेवरून सुचल्याचं सांगितलं आहे. लांडगा, जंगल, आजी. त्या कथेत लांडगा आजीला खातो आणि तिचे कपडे घालून बसतो. असेल. पण आपल्या घरात जंगलातल्या आजीची दुसरी गोष्ट आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची. जाताना कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, आणि ती म्हणत नाही की मला खाऊ नका. ती म्हणते, आत्ता नको, मी हाडकुळी आहे, जाडजूड होऊन येते, मग खा. मुदत मागते. आपण ही गोष्ट मुलांना गंमत म्हणून सांगतो, पण तिच्या आत पक्का हिशेब आहे: ताकद नसलेल्या माणसाला एकच गोष्ट करता येते, वेळ आपल्या बाजूला वळवून घेणं. अज्जीचं सगळं तंत्र तेच आहे. फरक एवढाच, की भोपळ्यातली म्हातारी निसटून जाण्यासाठी वेळ मागते आणि ही परत येण्यासाठी.

मराठीत सुडाला किती शब्द आहेत पाहा. वचपा काढतात, उट्टं काढतात, सूड घेतात किंवा उगवतात. व्युत्पत्ती काहीही असो, ‘उगवणे’ हे क्रियापद मला फार आवडतं. त्यात पेरणीनंतरची शांतता ऐकू येते. आणि एक शब्द खास नागिणीचा: डूख. डूख धरायचा असतो. धरून ठेवायचा. डूख धरलेल्या नागिणीला घाई नसते असं आमच्याकडे खेड्यात सांगत. साप खरोखर असलं काही लक्षात ठेवत नाही हे मला ठाऊक आहे, पण मानवी गुण नागिणीच्या नावावर टाकायची सोय समाजाला हवी होती, आणि तो गुण नर सापाच्या नावावर सहसा टाकला जात नाही, हेही खरं.

आता ‘अडगूलज्जी कथे’कडे येते. म्हैसूरला जन्मलेले ए. के. रामानुजन यांनी बायकांच्या तोंडच्या कन्नड लोककथा आयुष्यभर जमवल्या. त्यांतली एक त्यांनी अनेकदा सांगितली. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असे, पण तिनं दोन्ही कधी कुणाला सांगितलं नाही. आत कोंडून दोघांचा जीव गुदमरला. एके दिवशी बाई तोंड उघडं टाकून झोपली असताना गोष्ट बाहेर निसटली आणि दाराशी पुरुषाच्या बुटांचा जोड होऊन बसली. गाणं कोट होऊन खुंटीला लटकलं. नवरा आला, बूट पाहिले, कोट पाहिला, भांडला, आणि घोंगडी घेऊन मारुतीच्या देवळात झोपायला निघून गेला. गावातले दिवे विझले की त्यांच्या ज्योती त्या देवळात जमून गप्पा मारत. त्या रात्री या घरची ज्योत उशिरा आली आणि तिच्या तोंडून नवऱ्याला खरं काय ते कळलं. तोवर बाईला ना गोष्ट आठवत होती, ना गाणं.

मला ही कथा ‘अज्जी’ची खरी पूर्वपीठिका वाटते. न सांगितलेली गोष्ट मरत नाही, ती रूप बदलून दाराबाहेर जाते. मंदाच्या घरात तोंडं बंद झाली. तक्रार कागदावर उतरली नाही, म्हणून ती सत्तूर झाली. मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा, अधिकाऱ्याच्या अंगावर गणवेश नसावा, अशा किती तरी समजूतदार गोष्टी त्यात लिहिल्या आहेत. चित्रपटातला पोलीसही घरीच येतो. कायद्याचं शब्दशः विडंबन आहे ते.

सूड घेणारी म्हातारी ही काही आपली मक्तेदारी नाही. १९५६ साली झुरिकच्या रंगमंचावर नाटककार ड्युरेनमाटची क्लेअर झाखानासियान अवतरली: अफाट श्रीमंत, एक पाय खोटा, एक हात खोटा. तरुणपणी ज्यानं दगा दिला त्याच्या जिवासाठी ती भिकेला लागलेल्या गावाला एक अब्ज देऊ करते. गाव आधी संतापतं, मग हळूहळू उधारीवर नवे बूट घेऊ लागतं. तिला काही करावं लागत नाही, ती सज्जात बसून वाट पाहते. तिचा खोटा पाय आणि अज्जीचे गुडघे यांचं नातं मला जाणवतं. पण क्लेअर गावाला विकत घेते. अज्जीला सगळं स्वतःच्या हातानं करावं लागतं, कारण तिच्याजवळ दुसऱ्याचे हात विकत घ्यायला पैसा नाही.

आणि याच्या अगदी उलट टोकाची आजी आहे ली चांग-डोंगच्या २०१० सालच्या ‘पोएट्री’ या कोरियन चित्रपटात. मिजा, सहासष्ट वर्षांची, विस्मरणाचा आजार नुकताच सुरू झालेला, कविता लिहायला शिकते आहे. तिचा नातू अत्याचार करणाऱ्या मुलांपैकी एक. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिनं जीव दिला. मुलांचे बाप सभ्यपणे बसून हिशेब करतात, प्रत्येकी इतके काढू आणि मुलीच्या आईचं तोंड बंद करू. मिजा आपला वाटा कसाबसा उभा करते, आणि तरीही एका संध्याकाळी नातवासोबत बॅडमिंटन खेळत असताना पोलीस येऊन त्याला घेऊन जातात. कुणी बोलावले, हे चित्रपट सांगत नाही. तो सांगत नाही म्हणूनच आपल्याला कळतं. एक आजी पीडितेची, एक आजी गुन्हेगाराची. दोघी म्हातारपणी शिकायला निघालेल्या. एक कविता शिकली, एक खाटीककाम. मला विचाराल तर धैर्य मिजाचं मोठं. अज्जीनं परक्याचा मुलगा कापला. मिजानं आपला दिला.

या शहराच्या पडद्यावर बघावं तर आपल्याकडेही थरारपटांना तोटा नाही. २०१६ मधला पवन कुमारचा ‘यू टर्न’ इथल्या डबल रोडच्या उड्डाणपुलावर घडतो. दुभाजकाचे दगड सरकवून वळणाऱ्या दुचाकीवाल्यांवर एका आईचा सूड उगवतो. पण ती आई मेलेली आहे. बाईला सूड घ्यायचा तर आधी भूत व्हावं लागतं, ही आपल्या चित्रपटांची जुनी अट. २०१९ मध्ये हेमंत राव यांचा ‘कवलुदारी’ आला. चाळीस वर्षं जुन्या खुनांचा धागा, निवृत्त इन्स्पेक्टर मुत्तण्णा, भूमिकेत अनंत नाग. ते मुंबईत मराठी-कोकणी रंगभूमीवर घडले, म्हणून आपणही त्यांच्यावर थोडा हक्क सांगतो. चित्रपट उत्तम आहे. म्हाताऱ्या पुरुषाच्या एकटेपणाला त्यात केवढी शान आहे! बाटली, भूतकाळ, भारदस्त आवाज. तेवढीच शान एखाद्या बाईच्या एकटेपणाला देणारी पटकथा मी कन्नडमध्ये अजून शोधते आहे. अरुंधती नाग याच शहरात आहेत. मराठी, गुजराती, हिंदी, कन्नड अशा सगळ्या रंगभूमींवर वावरलेल्या. ‘पा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या. त्यांनी उभ्या केलेल्या ‘रंगशंकर’ नाट्यगृहात प्रयोग सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, हे आपण सगळे एकेकदा अनुभवून चुकलो आहोत. ज्या गावाला वेळेचा धाक कळतो आणि संथपणाची भीती वाटत नाही, तिथे असा चित्रपट जन्मायला काय हरकत होती?

आता माझ्या तक्रारी. ‘अज्जी’त एक लांब प्रसंग आहे: धावले दुकानाच्या पुतळ्याशी जे करतो ते अज्जी लपून पाहते. अभिषेक बॅनर्जीनं तो भीती वाटावी असा केला आहे. पण दिग्दर्शक तिथे रेंगाळतो आणि एका क्षणी मला वाटलं, आता आम्ही अज्जीच्या डोळ्यांनी पाहत नाही, दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांनी पाहतो आहोत. दुसरं, मंदा. ज्या मुलीसाठी हे सगळं, तिच्या वाट्याला खाटेवर पडून राहण्यापलीकडे फार काही येत नाही. सुडाच्या गोष्टीत जखमी मुलगी हे निमित्त उरतं, हा या साऱ्या प्रकाराचाच दोष आहे.

आणि तिसरी गोष्ट तक्रार नाही, अस्वस्थता आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात, भर न्यायदालनात, कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावानं अक्कू यादव नावाच्या गुंडाला ठार केलं. वर्षानुवर्षं त्यानं वस्ती छळली होती आणि तक्रारींचं काही होत नव्हतं. २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२१ मध्ये त्यावर ‘२०० : हल्ला हो’ हा चित्रपट आला. मी २००४ साली वर्तमानपत्र वाचून सुटकेचा श्वास टाकला होता, हे कबूल करते. मग रात्री झोप लागली नाही. टाळ्या वाजवणारे आपले हात कोरडे असतात. ज्यांनी ते केलं त्यांना पुढे दहा वर्षं तारखा होत्या.

मखीजा पुन्हा या विषयाकडे आले, २०२३ च्या ‘जोरम’मध्ये. ‘अज्जी’त मंदाची आई झालेल्या स्मिता तांबे तिथे फुलो कर्मा आहेत: झारखंडमधली आदिवासी पुढारी, मुलाच्या मृत्यूचा डूख धरून एका मजुराला देशभर हुडकून काढणारी. आता पोलीस तिच्या हाताशी आहेत, फोन तिच्या हाताशी आहे, आणि तिच्या सुडाखाली एक बाप तान्ह्या मुलीला पोटाशी बांधून पळतो आहे. जी आई एका चित्रपटात गप्प बसली तिला दुसऱ्यात सत्ता मिळाली, आणि लांडग्याची बाजू बदलली. दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहा अशी माझी विनंती आहे.

माझ्या नातीला मी भोपळ्याची गोष्ट मराठीत सांगते, ती मला कन्नडमिश्रित इंग्रजीत प्रश्न विचारते. परवा म्हणाली, अज्जी, म्हातारी घरी पोहोचली, मग वाघ तिच्या घरी आला का? मी म्हटलं, नाही, गोष्ट संपली. तिला पटलं नाही. मला ‘अज्जी’चा शेवट आठवला. मंदासाठी चौकीतला जो कागद निघाला नव्हता, तो आता निघेल. पंचनामा होईल, जबाब होतील, हत्यार जप्त होईल, शिवणयंत्रही नेतील कदाचित. सगळं नियमाप्रमाणे, त्याच गल्लीत, त्याच दारात. चित्रपट ते दाखवत नाही. तो सकाळ व्हायच्या आत थांबतो.